नववीचे विज्ञान : वर्गात काय झाले आणि मुलांचे प्रकल्प कुठवर आले

विज्ञान शिक्षिका, इयत्ता ९ वी

सर्व पालकांना नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग पूर्ववत सुरू झाले आहेत. विज्ञानात सध्या काय शिकवले जात आहे आणि मुलांच्या प्रकल्पांची स्थिती काय आहे, अशी विचारणा गेल्या आठवड्यात बऱ्याच पालकांनी केली. प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगण्यापेक्षा येथे एकदाच सविस्तर लिहिते. शंका असल्यास त्या खालीच विचाराव्यात, म्हणजे उत्तर सर्वांना वाचता येईल.

अभ्यासक्रमाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 'गतीचे नियम', 'कार्य आणि ऊर्जा' व 'धारा विद्युत' हे पाठ प्रथम सत्रात पूर्ण झाले आहेत, 'प्रकाशाचे परावर्तन' सुरू आहे आणि 'ध्वनीचा अभ्यास' नाताळापूर्वी संपेल. गतीच्या समीकरणांवरील उदाहरणांत मुलांचा गोंधळ होतो तो सूत्रात नव्हे, एककांत होतो. किलोमीटर प्रतितासाचे मीटर प्रतिसेकंद करायचे राहून जाते आणि पुढची सगळी आकडेमोड वाया जाते. घरी सराव घेताना तेवढे कटाक्षाने पाहावे. 'आम्ल, आम्लारी व क्षार' हा पाठ मात्र मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो गुऱ्हाळांच्या हंगामात शिकवायचा होता.

आता प्रकल्पांविषयी. जूनमध्येच मुलांना एक अट सांगितली होती : ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात किंवा मोबाइलवर आयते मिळते, तो प्रश्न प्रकल्पासाठी घ्यायचा नाही. प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर स्वतः मोजल्याशिवाय मिळणार नाही, आणि ते मोजमाप कोल्हापुरात, आपल्या हाताशी असलेल्या साधनांनी करता आले पाहिजे. दुकानात तयार मिळणारे ज्वालामुखी, पवनचक्क्या आणि इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारे जेसीबी यामुळे आपोआपच बाद झाले. काही मुले हिरमुसली, हे खरे आहे.

सर्वांत पुढे गेलेला गट किरणोत्सवाचा आहे. अंबाबाईच्या मंदिरात ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत जातात, हे आपल्या प्रत्येक मुलाला लहानपणापासून ठाऊक असते. वर्षात नेमक्या याच दोन वेळा का, असा प्रश्न या गटाने घेतला. त्यांनी मंदिरात काहीही मोजलेले नाही. सगळे काम शाळेच्या मैदानावर झाले. एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंब्याने उभी केली, तिच्याभोवती जमिनीवर एक वर्तुळ आखले, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवले तेथे एक खूण केली आणि दुपारनंतर ते पुन्हा वर्तुळाला शिवले तेथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. होकायंत्र लागत नाही आणि चुंबकीय उत्तरेचा घोळही राहत नाही. या रेषेवरून मुलांनी मावळत्या सूर्याची दिशा मोजली, ती पश्चिमेपासून दक्षिणेकडे सुमारे १८ अंश निघाली. १० नोव्हेंबर रोजी दुपारची सर्वांत आखूड सावली ६७ सेंटिमीटरच्या आसपास होती. २२ डिसेंबरच्या सुमारास ती ८४ सेंटिमीटरपर्यंत लांबेल आणि नंतर पुन्हा आखूड होत जाऊन १ फेब्रुवारीला ६७ वर येईल, असे भाकीत मुलांनी त्रिकोणमितीच्या तक्त्यावरून करून वहीत लिहून ठेवले आहे. १० नोव्हेंबर हा दिवस उत्तरायणाच्या आरंभबिंदूच्या, म्हणजे २२ डिसेंबरच्या, जेवढे दिवस अलीकडे, जवळपास तेवढेच दिवस १ फेब्रुवारी पलीकडे येते, हे त्यांना कॅलेंडरवर बोट ठेवून मोजताना सापडले. मी सांगितलेले नाही.

दुसरा गट गुळाचा आहे, तिसरा पंचगंगेच्या पाण्याचा आणि चौथा पावसाच्या व नदीच्या पातळीच्या नोंदींचा. उरलेल्या गटांचे प्रश्न अजून पक्के झालेले नाहीत, त्यांच्याविषयी पुढच्या महिन्यात लिहीन.

पालक, ९ वी 'अ'

नमस्कार मॅडम. सविस्तर माहितीबद्दल आभार. आमची मुलगी किरणोत्सवाच्या गटात आहे. तिच्या वहीत सर्वांत आखूड सावलीची वेळ १२ वाजून १७ मिनिटे अशी लिहिलेली आहे. सूर्य बरोबर बारा वाजता माथ्यावर येतो, असे आम्ही शिकलो होतो. काठी तिरकी राहिली असावी किंवा घड्याळ पुढे असावे, अशी मला शंका आहे. नोंद दुरुस्त करून घ्यावी का?

विज्ञान शिक्षिका

कृपया दुरुस्त करू नये. ती नोंद अगदी बरोबर आहे आणि मला ती फार आवडली. आपल्या घड्याळातील वेळ ही ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची आहे. कोल्हापूर साधारण ७४.२ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात, त्यामुळे या सव्वाआठ अंशांच्या फरकापोटी आपल्याकडे मध्यान्ह सरासरी ३३ मिनिटे उशिरा, म्हणजे १२ वाजून ३३ मिनिटांनी होते. परंतु पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्याने सूर्य वर्षभर घड्याळाच्या बरोबरीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीस तो घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो. ३३ मधून १६ वजा केले की १७ उरतात.

फेब्रुवारीच्या सुरुवातीस हाच सूर्य साडेतेरा मिनिटे मागे पडलेला असतो, म्हणून त्या वेळी आखूड सावली पाऊण वाजण्याच्या सुमारास मिळायला हवी. म्हणजे दोन्ही किरणोत्सवांना सावलीची लांबी सारखी असेल, पण वेळेत जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक पडेल. हे मी मुलांना अद्याप सांगितलेले नाही. आपणही सांगू नये, ही विनंती.

पालक, ९ वी 'क'

मॅडम, एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो, राग नसावा. किरणोत्सव हा आमच्या घरात श्रद्धेचा विषय आहे. माझी आई त्या दिवसांत उपवास करते. मुले आता घरी येऊन 'त्यात काही विशेष नाही, सूर्याचा कल आहे' असे आजीला सांगू लागली, तर ते शोभणार नाही.

विज्ञान शिक्षिका

आपण मोकळेपणाने लिहिलेत, हे बरे झाले. 'त्यात काही विशेष नाही' असे वाक्य माझ्या वर्गात कोणी उच्चारलेले नाही आणि वहीत तर मुळीच नाही. उलट मुलांना पडलेला प्रश्न असा आहे की, सूर्याच्या मावळतीची दिशा त्या दिवसांत रोज पाव अंशाहून थोडीच अधिक सरकत असताना, महाद्वार, गरुड मंडप आणि गाभारा एका रेषेत धरून ती दिशा दगडी बांधकामात पकडणाऱ्या स्थपतींनी तिचे मोजमाप किती काळजीपूर्वक केले असेल. आजींना हे ऐकून वाईट वाटेल असे मला वाटत नाही. शक्य असल्यास त्यांनाच एक दिवस मैदानावर घेऊन यावे. पूर्वी किरणे कोठपर्यंत येत असत, याची आठवण त्यांच्याइतकी मला नाही.

पालक, ९ वी 'अ' (वरील चर्चेला धरून)

माझे दुकान महाद्वार रोडला आहे. किरणोत्सवात काही वर्षी किरणे चरणांपर्यंतच येतात, काही वर्षी मुखापर्यंत पोहोचतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. ढग, धूळ आणि हवेतील बाष्प ही कारणे सांगितली जातातच, पण मार्गातील इमारतींचे अडथळे हाही जुना विषय आहे. मुलांनी त्याचा विचार केला आहे का? दुसरे म्हणजे, नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे चाललेला असतो आणि फेब्रुवारीत उत्तरेकडे. मग दोन्ही वेळा किरणे खालूनच वर का चढतात? एकदा वरून खाली यायला नकोत का?

विज्ञान शिक्षिका

हा प्रश्न मी शब्दशः फळ्यावर लिहिला. थोडक्यात सांगायचे तर, एकाच संध्याकाळी किरणे चरणांकडून वर सरकतात त्याचे कारण सूर्य खाली उतरत जातो हे आहे. तो जसा क्षितिजाकडे येतो, तशी किरणे अधिक आडवी होतात आणि समोरच्या वस्तूवर अधिक उंचावर पडतात. उत्तर-दक्षिण सरकण्याने किरणे डावी-उजवीकडे हलतात. या दोन हालचाली वेगळ्या आहेत, हे मुलांनी बुटाच्या खोक्याला एका बाजूने भोक पाडून आणि बॅटरी हातात धरून करून पाहिले. अडथळ्याचेही तसेच आहे : वाटेत एखादी गच्ची किंवा पाण्याची टाकी उंच असली, तर सूर्य पुरेसा खाली येण्याआधीच झाकला जातो आणि किरणे वर चढायच्या आत संपतात. शाळेच्या मैदानावरून सूर्य समोरच्या इमारतीमागे नेमका किती अंश उंचीवर असताना दिसेनासा होतो, हे मोजायचे काम आता एका मुलाकडे दिले आहे.

पालक, ९ वी 'ब', करवीर तालुका

नमस्कार मॅडम. आमचे स्वतःचे गुऱ्हाळ आहे. मुलगा रोज बाटली घेऊन रस मागतो, म्हणून गुळाच्या प्रकल्पाविषयी वाचायची उत्सुकता होती आणि त्यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे! आम्ही रसात चुन्याची निवळी टाकतो, रानभेंडीच्या पाण्याने मळी काढतो, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. निवळी किती टाकायची ते आमचे गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारे कारागीर, नुसत्या रसाच्या रंगावरून ठरवतात. त्यात शाळेतली मुले नवीन काय शोधणार, हे समजले तर बरे होईल.

विज्ञान शिक्षिका

आपली तक्रार रास्त आहे, सविस्तर लिहिते. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू (pH) साधारण ५.२ ते ५.४ असतो. असा रस तसाच उकळत ठेवला, तर आम्ल आणि उष्णता यांमुळे साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होते आणि गूळ मऊ व चिकट राहतो, रवा धरत नाही. निवळी आम्लारिधर्मी असल्याने हे आम्ल उदासीन होते आणि मळी गोळा होऊन वर येण्यासही मदत होते. निवळी जास्त झाली, तर मात्र गुळाचा रंग काळपट पडतो. पाठ्यपुस्तकातील 'उदासिनीकरण' या शब्दासाठी याहून चांगले उदाहरण मला कोल्हापुरात दुसरे सुचत नाही. हा पाठ हंगामापर्यंत थांबवून ठेवला तो यासाठीच.

मुले नवीन शोध लावणार नाहीत. आपल्या गुळव्यांच्या नजरेला जे दिसते ते आकड्यांत लिहिता येते का, एवढेच पाहणार आहेत. आपला मुलगा एकाच रसाचे पाच सारखे भाग करतो, त्यांत वेगवेगळ्या प्रमाणात निवळी घालतो, वैश्विक दर्शकाच्या पट्टीने सामू घेतो आणि भागाचा रंग शब्दांत लिहितो. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. सकाळी आणलेल्या रसाचा सामू संध्याकाळपर्यंत उतरला होता. पट्टी जुनी असेल असे गटातील मुलांनी आधी धरले, पण नव्या पट्टीवरही तेच आले. रस आंबत होता, म्हणजे त्यातील सूक्ष्मजीव आम्ल तयार करत होते. 'उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव' हा पाठ त्यामुळे आपोआप या वहीत येऊन बसला आहे.

एक विनंती आहे. नमुना आपण स्वतः काढून द्यावा. चुलवाण पेटलेले असताना आणि काहिलीत रस उकळत असताना मुलांनी जवळ जायचे नाही, असे मी लेखी दिले आहे. घरचा मुलगा असला तरी हा नियम त्यालाही लागू आहे.

पालक, ९ वी 'ब', करवीर तालुका

आता लक्षात आले. ऊस तोडल्यावर लवकरात लवकर गाळावा, शिळ्या उसाचा गूळ चांगला होत नाही, असे आमचे वडील सांगत. त्याचे कारण मुलाने काल मला समजावून दिले. नमुना मीच काढून देईन. गुळव्यांना प्रकल्पाची वही दाखवली, तेव्हा त्यांनी तिसऱ्या भागावर बोट ठेवले आणि आमची निवळी एवढीच असते असे सांगितले. त्या भागाचा सामू काय होता ते मुलगा सांगायला तयार नाही, सादरीकरणाच्या दिवशीच सांगणार म्हणतो.

पालक (आई), ९ वी 'अ'

मॅडम, पंचगंगेच्या गटाविषयी मला काळजी वाटते. नदीच्या काठावर मुलांना पाठवणे कितपत योग्य आहे? पाणी आता उतरले असले तरी घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. शिवाय त्या पाण्यात हात घालणे आरोग्याच्या दृष्टीनेही बरे नाही.

विज्ञान शिक्षिका

काळजी योग्य आहे. मुले एकटी कधीही जात नाहीत; दोन शिक्षक आणि किमान एक पालक सोबत असतात. कोरड्या पायरीच्या खाली कोणीही उतरत नाही. पाणी दोर बांधलेल्या बादलीने वर ओढले जाते आणि ते हातमोजे घालूनच हाताळले जाते. मोजमापेही साधी आहेत : तापमान, सामू आणि गढूळपणा. गढूळपणासाठी मुलांनी स्टीलची जुनी ताटली घेऊन तिचे चार भाग आलटून पालटून काळे आणि पांढरे रंगवले आहेत. ती दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली मोजायची. यात एक पथ्य आहे, ते म्हणजे वाचन घेणारी व्यक्ती आणि वेळ शक्यतो तीच असावी, कारण प्रत्येकाची नजर आणि उन्हाची तिरीप वेगळी असते.

याच गटाला रंकाळा तलावातील केंदाळ (जलपर्णी) आणि विरघळलेला ऑक्सिजन यांचा संबंध तपासायचा होता. पाण्याचे तापमान वाढले की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.५ एवढाच. केंदाळाचा जाड थर असेल, तर खाली उजेड पोहोचत नाही, त्यामुळे पाण्यातील शैवालाकडून ऑक्सिजन मिळत नाही, आणि कुजणारे केंदाळ असलेला ऑक्सिजनही वापरून टाकते. विषय चांगला आहे, परंतु त्याच्या चाचणीला लागणारी रसायने नववीच्या मुलांच्या हाती देण्याची माझी तयारी नाही. म्हणून तो भाग तूर्त बाजूला ठेवला आहे.

आजोबा (नातू ९ वी 'क')

बाई, नमस्कार. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. नातू चौथ्या गटात आहे. त्याने जुलैपासून वर्तमानपत्रातील पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि राधानगरी व गगनबावडा येथील पाऊस रोज वहीत उतरवला आहे, हे पाहून समाधान वाटले. एक सूचना करतो. पातळी कोणत्या वेळेची आहे ते लिहिल्याशिवाय तो आकडा फारसा उपयोगाचा नाही. पुराच्या दिवसांत सकाळची आणि रात्रीची पातळी वेगळी असते. दुसरे, आलेख काढताना ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी अशा दोन आडव्या रेषा आधी आखून घ्याव्यात. २०१९ आणि २०२१ चा महापूर या मुलांनी लहानपणी पाहिला आहे, त्यामुळे त्या रेषांचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

विज्ञान शिक्षिका

आजोबा, आपल्या दोन्ही सूचना गटाला कळवल्या आहेत. वेळेचा रकाना आता वाढवला आहे. शहरात ऊन पडलेले असतानाही पातळी वाढतच राहते, हे मुलांनी नोंदींवरून ओळखले; आणि भोगावती, कासारी, कुंभी व तुळशी या नद्यांची पाणलोट क्षेत्रे नकाशावर रंगवल्यावर त्याचे कारणही त्यांनीच सांगितले. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या तारखा त्याच आलेखावर खुणेने दाखवायच्या आहेत. जमल्यास एखाद्या शनिवारी आपण वर्गात येऊन पातळीमापक पट्टी कशी वाचतात ते सांगावे.

पालक, ९ वी 'ब'

मॅडम, थोडा व्यावहारिक प्रश्न विचारतो. पुढच्या वर्षी दहावी आहे. लेखी परीक्षेला ८० गुण आणि प्रात्यक्षिकाला २० गुण असताना या प्रकल्पांवर एवढा वेळ खर्च करणे परवडणारे आहे का? आणि स्पर्धेला पाठवायचे असेल, तर आम्ही घरी नेमकी किती मदत करावी? इतर शाळांचे प्रकल्प पाहिले की आपल्या मुलांच्या वह्या फारच साध्या वाटतात.

विज्ञान शिक्षिका

प्रकल्पासाठी आठवड्यातून एक तासिका आणि शनिवारचा थोडा वेळ, याहून अधिक काही दिलेले नाही. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिक फेऱ्यांनंतर कृती संशोधन प्रकल्प व मुलाखत असते, आणि मुलाखतीत पाठ केलेले फार वेळ टिकत नाही. इन्स्पायर मानक योजनेत निवड झाल्यास विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात, त्यासाठीही कल्पना मुलाची स्वतःची असावी लागते. तरीही स्पर्धा हे या कामाचे प्रयोजन आहे, असे मी म्हणणार नाही.

मदतीबाबत माझे मत ठाम आहे. पालकांनी मुलांना नेऊन-आणून सोडावे, काठी धरावी, बादली ओढावी, पैसे लागल्यास द्यावेत, आणि 'हे तुला कसे कळले?' असे वारंवार विचारावे. वहीत मात्र एक अक्षरही लिहू नये. आलेख संगणकावर काढून छापूनही देऊ नये. किरणोत्सवाच्या गटातील एका मुलीच्या वहीत १२ वाजून ५ मिनिटांच्या रकान्यात आकडा नाही, तेथे नुसते 'ढग' असे लिहिलेले आहे. मागची आणि पुढची सावली पाहून मधला आकडा तिला सहज भरता आला असता. घरच्यांच्या मदतीने तयार झालेल्या सुबक तक्त्यांत अशी मोकळी चौकट मला सहसा दिसत नाही, आणि अशा वह्या पाहताना मी सर्वांत आधी तीच शोधते.

पालक, ९ वी 'ब'

पटले. सादरीकरण कधी आहे?

विज्ञान शिक्षिका

किरणोत्सवाच्या गटाला १ फेब्रुवारीची नोंद घ्यायची असल्याने त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी ठेवू. निवडक प्रकल्प २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खालच्या वर्गांना दाखवले जातील. थर्माकोल आणि चकचकीत कागद आणू नये. मूळ वही, तिच्यातील खाडाखोडीसह, पुरेशी आहे. गुळाच्या गटाला नमुने मांडण्यासाठी झाकणाच्या काचेच्या बाटल्या हव्या आहेत. ज्यांच्या घरी रिकाम्या असतील, त्यांनी धुऊन सोमवारपर्यंत पाठवाव्यात.